कुजायला रोवलेली मेढ

मित्रांनो, मी सालईचा एक जुना खुंट आहे. खुंट म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे गाय-बैल उभे राहिले असतील; पण माझ्या गळ्यात कुणी कधी दावे अडकवले नाही. तुमच्या घरातला खांब, आजोबांची काठी, बैलगाडीचे चाक, ही सगळी मंडळी टिकावी म्हणून घडवलेली. मला मात्र जमिनीत रोवले ते कुजण्यासाठी. हसू नका! कुजणे हीच माझी नोकरी होती. ती मी आधी किती वाईट केली आणि मग किती मन लावून केली, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म दरेकशाच्या डोंगरात झाला. जिथे दुसरे झाड पाय ठेवायला कचरते, अशा खडकाळ उतारावर आम्ही सालया उभ्या असायचो. आमची साल कागदासारखी सुटते आणि अंगाला डिंकाचा गोड वास असतो. खाली बोगद्यातून आगगाडी शिट्टी देत बाहेर पडायची, तेव्हा आमची पाने थरथरायची. तेव्हा इंग्रजांचे राज्य जोरात होते आणि जंगलातले जे जे चांगले, ते ते आगगाडीचे होते. सागवान आणि बिजा हे तर रेल्वेचे जावई! त्यांना मोठ्या मानाने गाडीत बसवून नेत. आम्हा सालयांकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. आमचे लाकूड नरम, चुलीत घाला नाहीतर खोकी करा, एवढीच आमची किंमत.

अशा माझ्यावर एके दिवशी फागूची कुऱ्हाड पडली. फागू हा वनखात्याचा मजूर, जंगलातच वाढलेला गोंड गडी. कुऱ्हाड चालवण्याआधी त्याने झाडाला हात जोडले, हे मला अजून आठवते. एकाच ओंडक्यातून त्याने दोन चौकोनी खुंट काढले. एक मी आणि दुसरा माझा भाऊ.

आम्हाला वनखात्याच्या नाक्याच्या आवारात नेले. तिथे चुन्नीलाल नावाचे फॉरेस्टर होते. गोंदियाच्या धान्यवाल्या घराण्यातला हा माणूस, बोलताना निम्मी हिंदी, निम्मी मराठी. घरच्यांनी दुकानात बसायला सांगितले, तर हा जंगलात येऊन बुरशीच्या प्रेमात पडला. होय, बुरशीच्या! कुजक्या लाकडापुढे ते तासन्‌तास उकिडवे बसत आणि आपल्या लेकराचे दात मोजावेत तसे कौतुकाने पाहत.

"फागू, लकडी को पानी नही खाता," ते सांगत. "ऊनही खात नाही. खाते ती ही बुरशी. हिचे बी हवेत असते. ओल मिळाली की लाकडात धागे सोडते आणि आतून पोखरत जाते. किती दिवसांत पोखरते, तेच आपल्याला पाहायचे आहे."

सरकारला हवे होते ते एवढेच. कोणते लाकूड जमिनीत किती वर्षे तग धरते? म्हणून सागवान, बिजा, येन, धावडा, मोह, तेंदू असे सगळ्या जातींचे खुंट एका रांगेत अर्धे मातीत आणि अर्धे वर, असे रोवले. प्रत्येक जातीचे दोन-दोन. माझा भाऊ रांगेच्या पार दुसऱ्या टोकाला गेला आणि मला वाटेच्या कडेला जागा मिळाली. दर पावसाळा संपला की चुन्नीलाल आमच्या कंबरेची माती सारत. मातीची ओल आणि वरची हवा जिथे भेटतात तिथेच बुरशीला जोर चढतो, म्हणून ती आमची कंबर. तिथे ते लोखंडी टोच्या दाबत. टोच्या अडला की लाकूड धड. आत शिरला की लाकूड गेले.

पहिल्याच पावसाळ्यानंतर भावाच्या कंबरेत टोच्या बोटभर शिरला. दुसऱ्या पावसाळ्यात त्याच्या डोक्यावर पांढरी भूछत्रे उगवली आणि फागूचा पाय लागताच तो मोडून पडला. माझ्या कंबरेत मात्र टोच्या जाईना. चुन्नीलालनी पुन्हा दाबला, तरी जाईना. "कमाल है!" ते म्हणाले. सागवानाने माझ्याकडे वळून पाहिले असते, जर त्याला मान असती. मला वाटले, ही सगळी माझीच कर्तबगारी! मी मनातल्या मनात किती फुगलो होतो म्हणून सांगू.

खरी गोष्ट वेगळीच होती, आणि तिचे नाव होते दुर्पता.

दुर्पता ही फागूची बायको. आसपासच्या टोल्यांवरची, म्हणजे पाड्यांवरची, सगळी बाळंतपणे तिच्याच हातची. बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालून ती रोज नाक्याच्या वाटेने घरी परतायची. हातात एक वाटी असायची. तिच्यात टोरीचे, म्हणजे मोहाच्या बियांचे तेल आणि कालवलेली हळद. आम्हाला रोवले त्याच दिवशी ती माझ्यापुढे थबकली आणि नवऱ्यावर खेकसली.

"काऊन वो, ही मेढ अशी कोरडीच गाडली?"

"मेढ नोहे ते," फागू म्हणाला. "सरकारी खुटा हाय. कुजते का नाही, पाहून राहिले."

"सालईचीच हाय ना?"

"सालईचीच हाय."

"मंग मेढच हाय."

मित्रांनो, त्या टोल्यावर लग्नाचा मांडव घातला की मधली मेढ सालईची रोवतात आणि तिला तेल-हळद लावल्याशिवाय नवरा-नवरीलाही लावत नाहीत. सालई जमिनीत उभी केली आणि तिला हळद लागली नाही, तर मेढ उपाशी राहिली असे म्हणतात. उपाशी मेढ फार वाईट. सरकारला हे कोण सांगणार? आणि दुर्पताला सरकारचे कोण सांगणार?

"गाडली त गाडली," ती म्हणाली, "पर उपाशी कायले ठेवता?" आणि वाटीत उरलेले तेल-हळद तिने माझ्या अंगाला चोळले. कंबरेपाशी माती ओढून तिथेही चोळले. "घे बाई," म्हणाली, "पोट भर."

खुंटाची मी बाई झालो, ते तेव्हापासून. बाळंतघरातून परतताना उरलेली वाटी माझ्यावर रिकामी करायची, हा तिचा नेमच पडून गेला. जाताना एखादी बातमीही सांगायची. अमकीला मुलगा झाला बाई, तमकीचे दूध उतरेना बाई. फागू हे सगळे पाहायचा. पण बायकांच्या देवधर्मात त्याने कधी नाक खुपसले नाही. आणि चुन्नीलालना माझ्या अंगावरचा पिवळा चिकटा दिसला, तेव्हा तो त्यांना सालईचा डिंक वाटला. शिकलेला माणूसही एखादे वेळी असा फसतो, त्यात काय एवढे?

आता नाल्याचे सांगतो. टोल्याच्या पलीकडे एक नाला आहे. उन्हाळ्यात त्याच्यात शेळीचे खूरही भिजत नाहीत, पण पावसाळ्यात तो माणसाला पलीकडे जाऊ देत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात पल्याडच्या टोल्यावरची सुमित्रा नावाची पोर बाळंतपणात अडली. निरोप आला तसा दुर्पताने गाठोडे उचलले आणि ती धावली. नाला भरून चालला होता. दिवसभर ती काठावर उभी होती. पल्याडून बाया ओरडून विचारायच्या आणि ही ओरडून सांगायची, असे करा, तसे करा. पाण्याच्या आवाजात निम्मे शब्द पोहोचतच नव्हते. दिवस मावळताना पल्याडचे विचारणे थांबले आणि रडणे सुरू झाले. सुमित्रा गेली, बाळही गेले.

त्या दिवशी दुर्पता माझ्यापाशी आली तेव्हा वाटी भरलेलीच होती. तिने सगळी माझ्यावर ओतली आणि माझ्या डोक्यावर कपाळ टेकून रडली. मला हात असता, तर मी तिच्या पाठीवर ठेवला असता.

दुसऱ्या दिवशी ती चुन्नीलालपुढे उभी राहिली. "पूल पाह्यजे जी," ती म्हणाली. "मानसं जातीन एवढाच पाह्यजे. जंगल त तुमचंच हाय."

चुन्नीलाल म्हणाले, "माय, सागवान-बिजा मागायला गेलो तर साहेब मला दारात उभा करणार नाही. टोल्याच्या पुलाला रेल्वेचे लाकूड कोण देतो? सालई मिळेल. पण ती कुजते. एक खुंट गेला, एक अजून धड आहे. हा आणखी एक पावसाळा निघाला, तर पहिला तुकडाच खराब होता असे मी साहेबाला पटवीन. मग पूल पक्का."

दुर्पताच्या लक्षात एवढेच राहिले, की मेढ उभी राहिली तर पूल होईल. मग काय विचारता! पाऊस उघडला की ती येई आणि मला तेल चोळताना विनवी, "बाई, उभी राहाजो वो. सुमित्राच्यासाठी उभी राहा." कुजू नये म्हणून ती तेल लावत नव्हती. तेलाने बुरशी अडते, हे तिच्या गावीही नव्हते. आपल्या माणसाकडे मागणे मागताना त्याला उपाशी ठेवू नये, एवढेच तिला कळत होते.

पावसाळा गेला. टोच्या माझ्या कंबरेवर अडला. चुन्नीलाल आनंदाने ओरडले. साहेबाला कळवले, मंजुरी आली, आमच्याच डोंगरातल्या सालया पाडल्या गेल्या आणि पुलाचे ओंडके नाल्याकाठी येऊन पडले. आता पुरावा म्हणून मला उपटून साहेबाकडे पाठवायचे होते. फागूने सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, लावून मला बाहेर काढले. खालचे अंगही धड. चुन्नीलालनी मला दोन्ही हातांवर घेतले.

तेवढ्यात दुर्पता वाटेने आली. "आमच्या मेढीले नेऊन राहिले का जी?" तिने विचारले. "थांबा, अशी कशी उपाशी पाठवता? तेल-हळद लावतो आन्‌ मंग न्या."

तिने वाटी पुढे केली मात्र, चुन्नीलालचा चेहरा उतरला. त्यांनी मला खाली ठेवले, वाटीत बोट बुडवले, माझ्या अंगावरून फिरवले, नाकाशी नेले. "माय, हे तू आज लावतेस?"

"आज कायले? रोजच लावतो ना जी. गाडली तवापासून."

मग चुन्नीलालनी तिला समजेल असे सगळे सांगितले. तेल पाण्याला आत येऊ देत नाही. पाणी नाही तर बुरशी नाही. हा खुंट धड राहिला तो तेलाने. सालई आहे तशीच आहे, दोन पावसाळ्यांत जाणारी.

मित्रांनो, माझा फुगा तिथे फुटला. पण मला स्वतःचे काही वाटायला वेळच नव्हता, कारण मी दुर्पताकडे पाहत होतो. तिने एकदा नाल्याकाठच्या ओंडक्यांकडे पाहिले आणि एकदा वाटीकडे.

चुन्नीलाल हळूच म्हणाले, "हे आपल्या तिघांनाच माहीत आहे. खुंट धुऊन पाठवला तर साहेबाला काय कळणार? लकडी आ गई है. पूल तुला हवा आहे, मलाही हवा आहे."

पूल दुर्पताइतका कुणालाच हवा नव्हता, आणि तोंड मिटून राहिले की तो झालाच होता.

"आन्‌ त्या पुलाले कोन तेल लावन जी?" ती म्हणाली. "भरल्या पोटाच्या बाईले खाटेवर घालून चार गडी पुलावरून आनतीन, आन्‌ मधातच कडकन मोडलं त? पाण्यानं एक नेली. आता मी खोटं बोलून दुसरी देऊ? लिहा जी. तेल लावलं होतं म्हणून लिहा."

चुन्नीलालनी खरे तेच लिहिले. साहेबाचे उत्तर आले, सालई नामंजूर. पण चुन्नीलालही धान्यवाल्याच्या घरातले, एका नकाराने उठून जाणारे नव्हते. त्यांनी पुन्हा लिहिले की पूल नको तर नको, तेल लावलेल्या सालईची चाचणी म्हणून हेच ओंडके नाल्यावर आडवे टाकून, वर सालईच्याच फळ्या ठोकून पाहू, सरकारला एका पैचा खर्च नाही. चाचणी म्हटले आणि फुकट म्हटले, की साहेबाची सही लवकर होते. पूल झाला!

दुर्पताने दोन्ही टोल्यांच्या बायांना बोलावून पूल म्हणजे आडवी पडलेली मेढ आहे, असे सांगितले. झाले. लग्न असो, बारसे असो, उरलेले तेल-हळद पुलाला. हिवाळ्या-उन्हाळ्यात तर बाया सगळ्या मिळून टोरीचे तेल काढत आणि फळीन्‌फळी माखत.

आणि मी? माझे पुढे काय झाले, ते ऐका. चुन्नीलाल म्हणाले, "तेल वरून लागते, पण सांध्यात ओल राहतेच. तिथे बुरशी कधी पोहोचेल, याचा अंदाज यायला बिनतेलाचा एक खुंट हवा. तो गेला, की समजायचे आता पुलाखाली वाकून पाहायला हवे." फागूने सुताराच्या वाकसाने माझे तेल प्यालेले अंग सगळे तासून काढले. उरलो तो मी कोरा, फिका. मला पुन्हा त्याच जागी रोवले, आणि चुन्नीलालनी दुर्पताला हात जोडून सांगितले, "माय, आता हिला हात लावू नकोस. हिची परीक्षा आहे."

तिने लावला नाही. मित्रांनो, हे सांगायला सोपे आहे. ती रोज त्याच वाटेने यायची. वाटीत तेल असायचे, मी तिच्यापुढे कोरडा उभा असायचो. ती थांबायची आणि वाटी पदराआड धरायची, जणू मला दिसली तर मी हट्ट करीन. "बाई, आज पोरगी झाली वो," एवढेच सांगायची आणि पुलाकडे निघून जायची. कधी मागे वळून पाहायची.

पाऊस आला. बुरशी माझ्या कंबरेत शिरली. दुखत नाही ते. आधी थंड वाटते, मग अंग हलके होत जाते. आत पांढरे धागे पसरत होते. मला एकच काळजी होती, आपण वेळेवर जायला हवे. मी उशीर केला तर पूल आधी जाईल, आणि पुलावरून दुर्पता जाते. आयुष्यात पहिल्यांदा मी मनापासून कुजलो.

पुढच्या उन्हाळ्यात, वळवाच्या पहिल्या सरीनंतर, चुन्नीलालनी टोच्या लावला. तो मुठीपर्यंत आत गेला. "फागू, चल!" ते ओरडले आणि दोघे नाल्याकडे पळाले. पुलाखाली वाकून पाहिले, तर वरून पिवळ्याधमक दिसणाऱ्या दोन फळ्यांच्या सांध्यात तेच पांढरे धागे. बोट दाबले तर लाकडाचा भुगा झाला. मृग लागायच्या आत फळ्या बदलल्या गेल्या.

श्रावणात नाला दुथडी भरला असताना पल्याडच्या रुख्माबाईला कळा लागल्या. पोर पायाळू होते. या खेपेला दुर्पता काठावर उभी राहिली नाही. खाली पाणी घोंघावत होते, आणि ती पुलावरून चालत गेली. रुख्माबाई वाचली, पोरगीही वाचली.

परतताना दुर्पता थेट माझ्याकडे आली. चुन्नीलाल नाक्याच्या दारात होते. तिने विचारले, "इची परीक्षा सरली का जी?"

"सरली, माय."

"मंग आता लावू?"

चुन्नीलालनी मान डोलावली.

तिने वाटी खाली ठेवली, तळवा तेला-हळदीत बुडवला आणि माझ्यावर ठेवला. माझा एक तुकडा तिच्या हातात सुटून आला. तिने तो जागच्या जागी दाबून बसवला, जणू बाळंतिणीचे पांघरूण नीट करते आहे. तेलाचा आता मला काहीच उपयोग नव्हता, आणि तेल काय करते ते आता तिलाही ठाऊक होते. तरी कंबरेपासून माथ्यापर्यंत कुठेही कोरडे राहू दिले नाही.

आता इंग्रज साहेबांचे राज्य जाणार असे ऐकतो. माझ्या अंगाचा मूठभर भुसा उरला आहे, आणि बाया अजून पुलाला तेल लावतात. मित्रांनो, तुम्हीही ज्याच्यावरून रोज जाता, त्याला वरून माया लावा, आणि कधीतरी खाली वाकून खरे काय ते पाहतही जा. दुर्पताने दोन्ही केले, म्हणून रुख्माबाईची पोरगी आता त्या पुलावरून धावत येते. नाव तिचे मेढाबाई ठेवले आहे. टोल्यावरचे लोक हसतात, पण मला फार आवडते.